पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र: तळ्याकाठी एक शांत मुक्काम हवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
पुणे जिल्हा.

विषय: रानातल्या तळ्याकाठी सर्वांसाठी खुला असा एक शांत मुक्कामाचा तळ सुरू करण्याबाबत.

महोदय,


पावसाळा तोंडावर आला की आपल्या कार्यालयातून आदेश निघतो. धबधब्याच्या प्रवाहात उतरू नये, धरणाच्या पाण्यात जाऊ नये, कड्यावर उभं राहून फोटो काढू नयेत, अमुक ठिकाणी संध्याकाळनंतर थांबू नये. पूर्वी हा आदेश कलम १४४ खाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. या आदेशाला माझा विरोध नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. कुंडमळा आमच्या मारुंजीपासून फार लांब नाही. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या सोसायटीत जो तो फोन लावून विचारत होता, तुमच्याकडचं कुणी तिकडे गेलं नव्हतं ना?

म्हणून बंदी समजते, पटते आणि आम्ही ती पाळतो. पण कुठे जायचं नाही हे दर वर्षी सांगणारं प्रशासन, कुठे जावं हे कधीच सांगत नाही. ती बाजू पुरती बाजारावर सोडून दिलेली आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की या जिल्ह्यातल्या एखाद्या तळ्याकाठी, रानाच्या कडेला, शासनाच्या देखरेखीखाली आणि गावाच्या हातात एक छोटा मुक्कामतळ असावा. तिथे रात्री गाणी वाजू नयेत, दारू नसावी, आणि सामान्य मिळकतीच्या कुटुंबाला आपल्या मुलाबाळांना घेऊन निर्धास्तपणे एक रात्र तंबूत काढता यावी.

पाण्याला आपल्याकडे तोटा नाही. पवना, मुळशी, कासारसाई, टेमघर, वरसगाव, पानशेत, वळवण, ठोकरवाडी, भाटघर, नीरा देवघर, भामा आसखेड, चासकमान, डिंभे, माणिकडोह. यांपैकी कितीतरी जलाशय डोंगरांच्या ओंजळीत आहेत आणि त्या डोंगरांवर अजून रान टिकून आहे. पर्यटन महामंडळाची निवासं काही ठिकाणी आहेत, पण ती खोल्यांची. उघड्यावर तंबू ठोकून राहायची, शांततेचा नियम खरोखर पाळला जातो अशी सार्वजनिक जागा माझ्या पाहण्यात या जिल्ह्यात नाही.

आता ही मागणी मारुंजीतून का, तेही सांगतो. मारुंजी मुळशी तालुक्यात. हिंजवडीचं आयटी पार्क शेजारी आलं आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मूळ गावकरी आहेत आणि आमच्यासारखे लातूर, बुलढाणा, जळगाव, सांगलीहून पोटापाण्यासाठी आलेले आहेत. या हिंजवडी-मारुंजी पट्ट्यात रात्र अशी उरलेली नाही. तयार काँक्रीटच्या गाड्या, पाण्याचे टँकर, मागे येणाऱ्या डंपरची टीं-टीं, बांधकामाचे प्रखर दिवे. मारुंजीची टेकडी तेवढी आहे, आणि पहाटे तिथे जाणाऱ्यांची संख्या पाहिली तर माणसांना शांततेची किती भूक आहे ते कळतं. आमच्या इमारतीत अशी मुलं आहेत ज्यांनी मिट्ट काळोख पाहिलेला नाही. ती घाबरतील, असं त्यांच्या आयांना वाटतं. काळोखाची भीती जायची तर काळोखात बसावं लागतं, आणि शेजारी भरवशाचं माणूस असावं लागतं.

शुक्रवार आला की या पट्ट्यातल्या घराघरांत एकच विचारणा असते: उद्या कुठे? उत्तर बहुतेक वेळा पवना असतं. ठाकुरसाई, ब्राह्मणोली, गेव्हंडे या बाजूला काठाकाठाने तंबू आहेत. माणशी हजार-दीड हजार रुपये. संध्याकाळी चहा-भजी, मग बार्बेक्यू, रात्री चिकन किंवा पनीर, सकाळी पोहे. जेवण चांगलं असतं, वाढणारी माणसं प्रेमाने वाढतात. समोर तुंग, एका बाजूला तिकोना, पलीकडे लोहगड-विसापूर. याहून देखणी जागा सह्याद्रीत शोधावी लागेल. आणि तिथे रात्री साऊंड सिस्टिम लावलेली असते.

मागच्या हिवाळ्यात आम्ही घरची सगळी तिथे गेलो होतो. एका तळावर एक गाणं, त्याच्या शेजारच्या तळावर दुसरं, पलीकडे पडद्यावर सिनेमा. मध्यरात्र उलटली तरी तेच. मुलं कानांवर पांघरूण घेऊन पडली होती. शेवटी मी उठून तळाच्या मालकाकडे गेलो. तो स्थानिक होता, धरणग्रस्त घरातला. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण त्याने जे सांगितलं त्याने माझं मन बदललं. तो म्हणाला, "भाऊ, मला काय हौस हाय का? माझी म्हातारी आई त्या समोरच्या घरात पडलीय, तिलाबी झोप न्हाय. पर मी आवाज बंद केला तर ही पोरं पुढल्या खेपेला शेजारच्या तळावर जात्यात. समद्यांचा एकाच टायमाला बंद व्हऊ द्या, पयला माझा बंद करीन."

महोदय, या पत्राचं कारण तेच बोलणं आहे. आवाजाचा धंदा तिथल्या माणसांना हवा आहे म्हणून चालत नाही. एकट्याने शांत राहिलं तर एकट्याचं नुकसान होतं म्हणून तो चालतो. अशी गाठ गिऱ्हाइकाला सोडवता येत नाही, मालकालाही नाही. साऱ्या काठाला एकदम लागू होणारा नियमच ती सोडवू शकतो, आणि तो नियम काढायचा अधिकार आपल्याकडे आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्याच नियमांत जिल्हादंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्यालाच, ‘प्राधिकारी’ म्हटलेलं आहे, आणि लोकांना त्रास होत असल्याची माहिती मिळाल्यावर संगीत वा ध्वनी लेखी आदेशाने थांबवायचा किंवा त्याला बंधन घालायचा अधिकार नियम ८ देतो. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. तळ्याच्या काठाचा त्यात विचार झालेला नाही, पण नियम ८ ला तशी कोणतीही अडचण नाही. काठावरच्या सगळ्या तळांसाठी एक आदेश, तळाच्या परवानगीशी जोडलेली एक अट, आणि मोडली तर तळ काही आठवडे बंद. ग्रामीण पोलिसांची एक गाडी एवढ्या मोठ्या काठावर पुरी पडणार नाही हे मला कळतं. पण अट सगळ्यांना सारखी असली की मालकच एकमेकांवर लक्ष ठेवतील, कारण आज ज्या भीतीने ते आवाज चढवतात तीच भीती उद्या उलट बाजूने काम करेल.

पाण्यावर आवाज फार लांब जातो, हेही लक्षात घ्यायला हवं. रात्री पाण्यालगतची हवा गार होते आणि वरची हवा त्या मानाने उबदार राहते. अशा वेळी आवाजाच्या लहरी वर निघून न जाता पुन्हा खाली वळतात. मध्ये झाड नाही, घर नाही, भिंत नाही. त्यामुळे एका काठावरचा ढोल समोरच्या काठावरच्या गावाला आपल्या अंगणात वाजल्यासारखा ऐकू येतो. म्हणजे एका तळावरच्या काही तरुणांची हौस साऱ्या खोऱ्याची रात्र घेते. खोऱ्यात माणसं आहेत, त्यांच्या पहाटे उठायच्या वेळा आहेत, दुभती जनावरं आहेत, परीक्षा असलेली पोरं आहेत.

आणि रान आहे. धरणाचं पाणी उतरू लागलं की काठाची जमीन उघडी पडते. तिथेच गावकरी गाळपेर करतात आणि तिथेच टिटवी अंडी घालते. घरटं असं काही नसतं. जमिनीतल्या उथळ खळग्यात, खड्यांच्या रंगाची अंडी. मार्चपासून पुढे तिचा हा काळ, आणि तंबूंची गर्दी मेपर्यंत. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला ती अंडी दिसत नाहीत, आणि तोवर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असते. ती का ओरडते हे तंबूवाल्याला कुणी सांगितलेलं नसतं. रातवा पक्षी अंधार पडल्यावर जमिनीवरून उठतो. भेकर पाण्यावर यायला रात्रीचीच वाट पाहतं. ताम्हिणीच्या बाजूला २०१३ पासून अभयारण्य आहे. आपला राज्यप्राणी शेकरू तिथे आहे. त्याच्या घरापासून थोड्या अंतरावर आपण शनिवार-रविवार काय ऐकवतो, याचा विचार व्हायला हवा.

काजव्यांबद्दल तर मला फार पोटतिडकीने लिहावंसं वाटतं. मेच्या अखेरीला, मृगाचा पाऊस पडायच्या आधी, सह्याद्रीतली काही झाडं रात्री एका लयीत उजळतात आणि विझतात. हा नर आणि मादीचा संवाद असतो. नर उडता उडता प्रकाशाची खूण करतो, मादी खालून किंवा पानावरून तिला उत्तर देते. गाडीचे दिवे, मोबाईलचे टॉर्च, फ्लडलाइट यांच्या उजेडात ती खूण बुडून जाते आणि ती जोडी जुळत नाही. अळ्या ओल्या पालापाचोळ्यात आणि मातीत वाढतात, गोगलगायींवर जगतात. गर्दीने ती जमीन तुडवली की पुढच्या वर्षाचे काजवे तिथेच संपतात. भंडारदऱ्याच्या आणि राजमाचीच्या बाजूला या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात. काजवे बघायची ओढ खरी आहे, ती कमी लेखू नये. ती कशी भागवायची याची शिस्त मात्र कुणीतरी घालून द्यायला हवी. मर्यादित माणसं, पायवाट सोडायची नाही, दिवे बंद, बोलणं हलकं. अशी रात्र एकदा अनुभवलेला मुलगा पुढे आयुष्यभर झाडाखाली टॉर्च मारणार नाही, असा माझा विश्वास आहे.

शेकोटीचंही तेच. हिवाळ्यात शेकोटी हवीशी वाटते आणि एका ठरलेल्या जागी, मातीने आखून घेतलेल्या खड्ड्यात ती असायला हरकत नाही. पण राखीव वनात विस्तव पेटवणं किंवा बाळगणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर इथलं गवत काडीपेटीची वाट पाहत असल्यासारखं वाळलेलं असतं. वनविभाग जाळरेषा काढतो, गावकरी रात्रीबेरात्री वणवा विझवायला डोंगर चढतात. त्याच डोंगराच्या पायथ्याशी कुणी जळकं लाकूड तसंच टाकून निघून जातं. आणखी एक धोका कमी लोकांना ठाऊक आहे. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी बंद तंबूत घेऊन झोपलं तर कार्बन मोनॉक्साइड साठून झोपेतच माणूस दगावतो. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. प्रत्येक तळाच्या फलकावर हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायला हवं.

या तळ्यांच्या तळाशी काय आहे, तेही विसरता येत नाही. मुळशीचं पाणी टाटांच्या वीजप्रकल्पासाठी अडवलं गेलं आणि आजही ते घाट उतरून रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला वीज करायला जातं. १९२१ च्या रामनवमीला या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सुरू केलेल्या सत्याग्रहाने पांडुरंग महादेव बापटांना सेनापती केलं. गावं मात्र पाण्याखाली गेली. पवनेचं खोरं धरणाआधी कसं होतं याचा अदमास गो. नी. दांडेकरांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’ या तुंगच्या परिसरात घडणाऱ्या कादंबरीवरून येतो. ती कादंबरी आली तेव्हा हे धरण झालेलं नव्हतं. धरण झालं, पाणी खाली गेलं, आणि पवनेच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशकं चालूच राहिला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंदिस्त जलवाहिनीच्या विरोधात बऊरला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघे मृत्युमुखी पडले. ज्या काठावर आम्ही शहरातली माणसं चांदणं पाहायला जातो, त्या काठाची ही हकिकत आहे. म्हणून तळ कुणाच्या हातात असावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो काठावरच्या गावाच्याच हातात असावा. बाहेरच्या गुंतवणूकदाराला भाडेपट्ट्याने दिलेला आणि गावातल्या पोरांना तिथे वेटर केलेलं, असा तळ मला नको आहे.

पाण्याचा मुद्दाही तेवढाच गंभीर आहे. पवनेतून सोडलेलं पाणी नदीने येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. काठावरच्या शेकडो तंबूंचं सांडपाणी कुठे जातं हा प्रश्न त्यामुळे तळमालकापुरता राहत नाही. जो माणूस शनिवारी पवनेकाठी मुक्काम करतो, त्याच्याच घरी सोमवारी त्याच खोऱ्यातलं पाणी येतं. शौचालयाचे खड्डे पाण्यापासून लांब आणि उंचावर असावेत, भांडी घासलेलं पाणी शोषखड्ड्यात जावं, आणि कचरा ज्याचा त्याने परत न्यावा. यात अवघड असं काही नाही.

हे सगळं करणं प्रशासनाला जमेल का, असा प्रश्न कुणी विचारला तर मी वारीकडे बोट दाखवीन. दर ज्येष्ठ-आषाढात देहू आणि आळंदीहून पालख्या निघतात. या जिल्ह्यातून त्या जातात तेव्हा दिंड्यांच्या राहुट्या पडतात, गावोगावी मुक्काम होतात, पाण्याचे टँकर लागतात, फिरती शौचालयं उभी राहतात, आरोग्य पथकं असतात, आणि पालखी पुढे गेली की तळ साफ होतो. लाखो माणसांचा उघड्यावरचा मुक्काम सांभाळणारं हे प्रशासन आहे. पन्नास माणसांचा मुक्काम त्याला जड जाणार नाही. आणि ज्या तुकोबांची पालखी इथून निघते, ते चिंतनासाठी भंडारा आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसत. एकांताची गरज ही काही आजच्या नोकरदारांनी काढलेली नवी हौस नाही. ती या मातीत चारशे वर्षं तरी आहे.

वनविभागाला तर हे मुळीच नवीन नाही. पूर्व विदर्भात नागझिऱ्याच्या तळ्याकाठी वनविश्रामगृहं आहेत. तिथे वर्षानुवर्षं वीज नव्हती, कंदिलावर रात्र काढायची, आणि त्या गैरसोयीबद्दल कुणी तक्रार केली नाही. व्यंकटेश माडगूळकर तिथे जाऊन राहिले आणि त्या मुक्कामातून ‘नागझिरा’ हे पुस्तक आलं. शेजारीच नवेगावबांध आहे, जिथे मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून नोकरी केली आणि त्या तळ्याने त्यांच्या लेखणीला कितीतरी दिलं. दोन्ही ठिकाणी तळं, रान आणि माणसाचा अदबीने केलेला मुक्काम एकत्र नांदले. अलीकडचं उदाहरण पेंचचं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे आपल्या राज्याने काळोख जपण्याजोगा आहे हे मान्य केलं, त्यासाठी दिवे बदलले, गावांना सोबत घेतलं. मग शांततेलाही तीच मान्यता द्यायला काय हरकत आहे? जगात ते सुरू झालेलं आहे. इक्वाडोरमधल्या झाबालो नदीचं खोरं २०१९ मध्ये जगातलं पहिलं ‘निःशब्द’ रान म्हणून नोंदवलं गेलं, आणि ते राखणारे तिथले मूळ रहिवासी कोफान लोक आहेत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या तळांवर साधारणपणे रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांतली वेळही नेमकी तीच आहे.

तळ कसा असावा याचं माझ्या डोळ्यांसमोर चित्र आहे. जागा अभयारण्याच्या बाहेर, पण रानाला लागून असावी. पक्कं बांधकाम काही नको. तंबूंसाठी वीस-पंचवीस सपाट ओटे, मातीचेच. गाड्या अर्धा किलोमीटर अलीकडे उभ्या कराव्यात आणि सामान पाठीवर आणावं. म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी बैलगाडी किंवा एखादी छोटी गाडी असावी. बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारी शौचालयं, आणि तिथपर्यंत जाणाऱ्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीचे मंद दिवे. ही गोष्ट बारीक वाटेल, पण आमच्याकडच्या कितीतरी बायका केवळ या एका कारणासाठी मुक्कामाला यायला तयार होत नाहीत. दुसरं कारण दारूचं. मुली सोबत असलेलं कुटुंब प्यालेल्या टोळक्याशेजारी झोपत नाही. म्हणून त्या तळावर दारू नाहीच, हे पहिल्या दिवसापासून ठाम असावं. पाण्यात उतरायला मनाई असावी. धरणाचा काठ वरून सपाट दिसतो, पण आत गाळ असतो आणि उतार एकदम तुटतो. पट्टीचे पोहणारेही तिथे फसतात. हे गावातल्या माणसाने येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला समोर उभं राहून सांगावं, नुसत्या पाटीवर भागवू नये. पावसाळ्यात तळ बंद राहावा.

जेवण गावातल्या बचत गटाकडे असावं: भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात, काळ्या वाटाण्याची आमटी. रात्री गावातल्या जाणत्या माणसाने रानाची वाट दाखवावी. झाडांची, पाखरांची नावं आमच्या मुलांना त्यांच्याकडून कळावीत. शुल्क एका कुटुंबाला झेपेल इतकंच, आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळांतल्या मुलांना आठवड्यातल्या मधल्या दिवशी मोफत. व्यवस्थापन गावाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे द्यावं. चांगलं काम करणाऱ्या अशा समित्यांना संत तुकाराम वनग्राम योजनेतून पुरस्कार दिले जातात, तेव्हा निवड करायला आपल्याकडे नोंदी आहेत. खर्च फार नाही, आणि जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव आपणच आहात.

कुणी म्हणेल, शांतता ही सुखवस्तू माणसांची चैन आहे, गरिबाच्या पोराला शनिवारी नाचू द्या. नाचू द्यावं, त्यासाठी शहरात आणि शहराजवळ जागा आहेत, आणखीही व्हाव्यात. पण शांतता आज खरोखर कुणाला मिळते ते पाहा. ज्याच्याकडे पैसे आहेत तो उंच कुंपणाच्या आतला, खासगी काठ असलेला बंगला घेतो आणि तिथे त्याला पाखरं ऐकू येतात. ज्याच्याकडे नाहीत त्याला आवाजातच झोपावं लागतं, मारुंजीत असो की पवनेकाठी. आणि काठावरच्या म्हातारीला तर कुणी विचारलेलंच नाही. सार्वजनिक तळ झाला तर तो सर्वांत जास्त उपयोगी पडेल तो सुरक्षारक्षकाच्या कुटुंबाला, शाळेतल्या शिक्षकाला, कॅबचालकाला, नव्याने नोकरीला लागलेल्या पोरीला.

सगळे खासगी तळ बंद करा, असंही माझं म्हणणं नाही. त्यांवर काठावरच्या कित्येक घरांची चूल पेटते. सार्वजनिक तळ शेजारी उभा राहिला आणि शांत तळही भरतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तर त्यांच्यातलेच काही त्या वाटेला येतील. मी ज्याच्याशी बोललो तो तर उद्याच येईल.

तेव्हा महोदय, आपल्याकडे दोन गोष्टी मागतो. येत्या हिवाळ्याच्या आत जिल्ह्यातल्या जलाशयांच्या काठांसाठी रात्री १० ते सकाळी ६ शांततेचा लेखी आदेश काढावा आणि तो प्रत्येक तळाच्या परवानगीला जोडावा. आणि वनविभाग, जलसंपदा विभाग व एखादी तयार ग्रामपंचायत यांची बैठक बोलावून एका तळाची जागा नक्की करावी. एकच. तो नीट चालला तर पुढचे आपोआप होतील. कासारसाईपासून ताम्हिणीपर्यंत जागा पाहायला अधिकारी निघाले तर सोबत यायला, मोजमाप घ्यायला, गावकऱ्यांशी बोलायला आम्ही मारुंजीची काही माणसं तयार आहोत. आम्हाला शनिवारी सुटी असते. कोणत्याही शनिवारी बोलवा.

आपला नम्र,
मारुंजी (ता. मुळशी) येथील एक रहिवासी